मूठ कुणाची, पातं कुणाचं

सोपाऱ्याच्या स्तूपाला गावातली जुनी माणसं स्तूप म्हणत नसत. ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी तिथं खोदायला आले तेव्हा टेकाडाचं हेच नाव लोकांच्या तोंडी होतं आणि त्यांनी ते इमानदारीनं लिहून ठेवलं. खोदताना दगडी पेटी निघाली. तिच्यात तांबं, चांदी, दगड, स्फटिक, सोनं असे एकात एक बसवलेले करंडक, अगदी आत बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे १३ लहान तुकडे, भोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. सगळं मुंबईला एशियाटिक सोसायटीत गेलं. पेटीवर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली. बुरुड राजावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. दंतकथा म्हणून त्याला बाजूला सारलं, संपलं.

मला मात्र हा राजा सोडवत नाही. बुरुड म्हणजे बांबू फाडून सुपं, टोपल्या, रोवळ्या विणणारा माणूस. आजच्या महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ज्याच्या सुपात गावानं धान्य पाखडलं त्यालाच गावानं बाहेर ठेवलं. आणि त्याच गावच्या माणसांना एवढा मोठा चौथरा बघून राजा आठवला तो बुरुडाचा! असा राजा खरोखर झाला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण बुद्धाचं नाव पुसलं गेल्यावर त्या ढिगाऱ्याला जे नाव चिकटलं ते हातात कोयता धरणाऱ्याचं होतं, हे तर खरं ना? मी पुराणवस्तूंचा पंडित नाही. लाकूड कोरतो. म्हणून मला हा इतिहास पात्याच्या बाजूनं दिसतो. आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी हल्ली बुद्धमूर्ती, अशोकचक्र, बाबासाहेबांचा चेहरा लाकडात कोरायचं म्हणतात आणि पहिला सवाल विचारतात तो सुऱ्यांचा. बाजारातला चांगला संच परवडत नाही, स्वस्तातला दोन दिवसांत बोथट होतो. मग आपली सुरी आपणच करायची. ती कशी करायची ते सांगतोच. पण त्याआधी ती आपल्या हातात एवढ्या उशिरा का आली, ते बघू.

सोपाऱ्याची आणखी एक गोष्ट आहे. ‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथात पूर्णाची कथा येते. शूर्पारक म्हणजे आपलं सोपारं. तिथला भव नावाचा व्यापारी आजारी पडला, बायको-पोरांनी त्याला टाकलं, घरच्या दासीनं त्याची सेवा केली. त्या दासीच्या पोटी पूर्ण जन्मला. पुढं भावांनी वाटणी केली तेव्हा दासीचा पोर हा वाटणीतला हिस्सेदार नाही, वाटायच्या मालातलाच एक, असं ठरलं! थोरल्यानं त्याला आपल्या वाट्याला घेतला म्हणून तो तरला. पण या दासीपुत्राजवळ एक विद्या होती. दारुपरीक्षा, म्हणजे लाकडाची पारख. एकदा रस्त्यात त्याला मोळीवाला भेटला. उन्हातसुद्धा थंडीनं कुडकुडत होता. पूर्णानं ओळखलं की या मोळीत गोशीर्ष चंदन आहे, ज्याची शीतलता माणसाला कापरं भरवते. त्यानं मोळी विकत घेतली, पुढं राजाला दाहज्वर झाला तेव्हा वैद्यांनी हेच चंदन मागितलं आणि पूर्णाचं नशीब फिरलं. नंतर तो समुद्रावर गेला, बोटीवर श्रावस्तीच्या उपासकांच्या तोंडून बुद्धाचं नाव पहिल्यांदा ऐकलं, भिक्षू झाला. भावांनी आणलेल्या चंदनातून सोपाऱ्यात चंदनमाला नावाचा प्रासाद उभा राहिला आणि बुद्धाला तिथं बोलावलं, असं कथा सांगते.

ही कथा आहे, जंत्री नव्हे. पण कथेत समाज दिसतो. सोपाऱ्यातलं पहिलं बौद्ध घर लाकडाचं, ते उभं करणारा दासीचा मुलगा, आणि त्याचं भांडवल काय तर लाकडाची पारख. मला त्यातला मोळीवाला जास्त छळतो. त्याला नाव नाही. ज्याच्या डोक्यावर लाखाचं चंदन, त्याला ते सरपण म्हणून विकावं लागतं, कारण पारख दुसऱ्याकडं आहे. आमच्या आज्या-पणज्यांची गोष्ट यापेक्षा वेगळी काय होती? महारकीच्या कामांत सरकारी मुक्कामाला लाकूडफाटा पुरवणं होतं, मयताला सरण वाहणं होतं. लाकूड तोडलं आम्ही, वाहिलं आम्ही, फोडलं आम्ही. कोरलं दुसऱ्यांनी. सुतारकी आणि लोहारकी ही वतनं होती, बापाकडून पोराकडं जाणारी, आणि त्या भात्यापाशी, त्या रंध्यापाशी महाराच्या पोराला उभं करत नसत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते याच गुलामगिरीविरुद्ध. वतन कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे त्यांनी १९३६ साली लिहिलं. मी त्याचा साधा अर्थ असा लावतो: कुऱ्हाडीची मूठ एकाला आणि पटाशीची मूठ दुसऱ्याला, आणि ही अदलाबदल जन्मात होणार नाही.

शहरात आल्यावर सुटका झाली म्हणावं तर तिथंही तेच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्या लाकडी धोट्याला सगळ्यांचे ओठ लागत. जास्त पगार त्याच खात्यात. लाकडाच्या एका वीतभर तुकड्यावर जात चिकटली होती! रेल्वेनं मात्र थोडं दार किलकिलं केलं. विरारहून मुंबईला लोकल १८६७ साली सुरू झाली, आणि पुढं त्याच रुळांवरून आपली माणसं परळच्या वर्कशॉपांत गेली, लोखंडाला हात लावायला शिकली. आमच्या घरात पहिली कानस आली ती वडिलांच्या डब्याच्या पिशवीतून, कामावरून निकालात निघालेली. गावच्या लोहारानं जे तीन पिढ्यांत शिकवलं नसतं ते कारखान्यानं एका पाळीत शिकवलं. कारखाना काही दयाळू नव्हता, त्याला हात हवे होते.

तरी हे कसब मूळचं कुणाचं, हा सवाल उरतोच. विदर्भात नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. तिथल्या शिळावर्तुळांत पुरलेल्या माणसांबरोबर छिन्न्या, वाकस, कुऱ्हाडी ठेवलेल्या निघतात. कुऱ्हाडीच्या सपाट पात्यावर लोखंडी पट्ट्यांची कडी असतात, दांडा जखडायला. म्हणजे मूठ सुटून पातं उडतं आणि शेजारच्याचं डोकं फुटतं, ही भीती तेव्हाच्या कारागिरालाही होती आणि त्यानं तिच्यावर इलाज काढला होता. त्यांची जात कुणी विचारली नाही, विचारायला तेव्हा कुणी नव्हतं.

पुढं लेणी आली. कार्ल्याच्या चैत्यात वर बघा. दगडी कमानीला ज्या फासळ्या आहेत त्या लाकडाच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. दगडाला त्यांची गरज नव्हती. पण घडवणाऱ्यांचे हात लाकडात मुरलेले, त्यांना फासळीशिवाय छप्पर सुचेना. दगडात सुद्धा त्यांनी तुळया, कुसं, जाळ्या कोरल्या. आपली लेणी म्हणजे सुतारकामाचं दगडात केलेलं भाषांतर आहे, असं मी म्हणतो. त्याच कार्ल्यात दारावर एक लेख आहे: धेनुकाकटचा वढकी सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं दाराचं काम केलं. वढकी म्हणजे सुतार; विदर्भात अजून वाढई म्हणतात. वेणू म्हणजे बांबू, पण बापाच्या नावावरून त्याची जात काढायच्या फंदात मी पडणार नाही, तो धंदा दुसऱ्यांचा. त्याच चैत्यात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकानं एक खांब दिला आहे. सुताराचं नाव आणि भाणकाचं नाव एकाच छताखाली. पुढच्या हजार वर्षांच्या देवळांत सुताराचं नाव किती ठिकाणी सापडतं ते शोधून बघा.

बुद्धाच्या धम्मात सुरीला जागा होती, हे आपल्या किती जणांना माहीत आहे? विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्षूंना चीवर कापायला लहान सुरी ठेवायची मुभा दिली आहे, गुंडाळायला नमद्याचा तुकडाही. काही भिक्षू सोन्याचांदीच्या मुठी मिरवू लागले तेव्हा त्या बंद केल्या आणि हाड, शिंग, बोरू, बांबू, लाकूड, लाख, फळाची कवटी अशा मुठी चालतील असं ठरवलं. अडीच हजार वर्षांपूर्वी मुठीच्या मालाची यादी! मिरवायला मूठ नको, धरायला हवी, इतका सरळ त्यामागचा हिशेब. भिक्षूच्या आठ परिष्कारांतही वासी हे छोटं पातं आहे. आणि संयुत्तनिकायात बुद्ध सुताराच्या वासीचा दाखला देतो: सुताराला किंवा त्याच्या शागिर्दाला वासीच्या मुठीवर आपल्या बोटांचे, अंगठ्याचे ठसे दिसतात, आज किती झिजली, काल किती झिजली ते त्याला सांगता येत नाही, पण झिजली की झिजल्याचं कळतं. साधनेचं तसंच आहे, असं तो म्हणतो. हा दाखला देणाऱ्यानं सुताराची मूठ जवळून बघितली होती. स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्याला असलं निरीक्षण सुचत नाही.

आता कामाचं.

पातं कशाचं करायचं? सगळ्यात सोपं म्हणजे यांत्रिक करवतीचं, पॉवर हॅकसॉचं मोडकं पातं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत आणि भंगारवाल्यांकडं मिळतं. हातकरवतीचं पातळ पातं नको, ते वाकतं. यांत्रिक पातं आधीच कडक केलेलं हाय-स्पीड पोलाद असतं. त्याला भट्टी नको आणि घरची भट्टी त्याला पुरतही नाही. ते फक्त घासून आकाराला आणायचं. दात घासून काढा, टोक तिरकं करा, दोन्ही बाजूंनी सपाट उतार द्या. कारखान्यात फेकलं जातं म्हणून त्याला कमी समजू नका, पोखाडं नीट लावलं तर आठवडाभर शिवण कापतं.

दुसरा माल म्हणजे जुनी कानस. तिच्यात कार्बन भरपूर, म्हणून धार छान धरते, पण आहे तशी वापरली तर काचेसारखी तुटते. तुटलेला तुकडा सरळ डोळ्यात जातो. तिला आधी नरम करावं लागतं: कोळशात लाल करून राखेत पुरून रात्रभर हळू निवू द्यायची. मग आकार द्या. मग पुन्हा तापवा. किती, तर चुंबक चिकटायचं थांबेपर्यंत आणि त्याहून किंचित जास्त. तिथून सरळ गोड्या तेलात उभी बुडवा. आता ती पुन्हा काचेसारखी झाली. म्हणून पृष्ठभाग घासून चकचकीत करा आणि ओव्हनमध्ये किंवा गरम तव्यावर इतकी तापवा की वाळल्या पेंढ्याचा पिवळा रंग चढेल. दोनशे-सव्वादोनशे अंशांची ही गोष्ट. पेंढ्याच्या पुढं तांबूस, जांभळा, निळा असे रंग धावत येतात. निळा आला की धार मऊ पडली. लोहाराची पोरं हे रंग बघत वाढली. आपल्याला ते शब्दांतून शिकायचे आहेत, म्हणून एवढं सविस्तर लिहितो.

ही तेलाची पायरी झोपडीत, चाळीच्या गॅलरीत करायची नाही. मोकळ्यावर करा. तेल लोखंडी खोल डब्यात, डब्याला झाकण हवं आणि शेजारी वाळूची बादली. तेलानं पेट घेतला तर झाकण टाका. पाणी ओतलं तर आग तिप्पट होऊन अंगावर येईल. गाडीचं काळं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट. आणि जस्ताचा मुलामा दिलेलं, क्रोम चढवलेलं काहीही आगीत घालू नका. जस्ताच्या धुरानं संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, लोक मलेरिया समजून गोळ्या खातात. ग्राइंडरवर चष्मा हवाच, नुसता डोळ्यांचा नंबराचा नव्हे, बाजूनं बंद असलेला. चाकाचं गार्ड काढायचं नाही. हातात सुती मोजे नकोत, चाक मोजा पकडतं आणि बोटासकट ओढतं. पोरींनी ओढणी काढून ठेवावी, वेणी वर बांधावी. पोरांनी गळ्यातली निळी पट्टी सुद्धा काढून ठेवावी, श्रद्धा आहे म्हणून मशीन माफ करत नाही. प्रत्येक घासणीनंतर पातं पाण्यात बुडवा.

मूठ ही माझ्या मते पात्याहून अवघड. पातं चुकलं तर परत घासता येतं, मूठ चुकली तर हात बिघडतो आणि कळायला वर्ष लागतं. लाकूड पुरतं वाळलेलं हवं, रेषा सरळ हव्यात, गाठ नको. ओल्या लाकडाची मूठ सहा महिन्यांत आकसते आणि पातं हलू लागतं. आपल्या भागात धामण सगळ्यात चांगली. लवचीक, हिसका गिळते. तिवस तसाच, जुन्या शेतकऱ्यांनी औतांना तोच वापरला. बोर, चिंच, बाभूळ चालतात. खैर कठीण आणि टिकाऊ, पण त्याची कुसळ शिरली तर पिकते. अलीनचित्त जातकात हत्तीच्या पायात खैराचाच सड घुसतो आणि सुतारच दोरी बांधून तो उपसतात, पू दाबून काढतात, कोमट पाण्यानं धुतात. हत्तीचं जे झालं ते तुमचंही होईल. कुसळ लगेच काढा, धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा.

नको असलेली लाकडं जास्त लक्षात ठेवा. खाडीकाठच्या तिवरांत गेवा नावाचं झाड असतं, काही जण हुरा म्हणतात. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जायची भीती, धूरही झोंबतो. लाकूड मऊ आणि पांढरंशुभ्र म्हणून मोह होतो, हात लावू नका. बिब्बा, ज्यानं परीट कपड्यांवर खुणा करायचे, त्याच्या रसानं कातडी भाजल्यासारखी फोडते. काजूच्या सालीचा आणि टरफलाचा चीक त्याच जातकुळीचा. जातकुळी हा शब्द झाडांपुरताच ठीक. आंब्याचं वाळलेलं लाकूड बहुतेकांना सोसतं, पण ज्याला कैरीच्या चिकानं तोंड येतं त्यानं जपून. अंगणातली कण्हेर आणि पिवळी बिट्टी पूर्ण विषारी. नुसती फांदी छाटून मूठ करू म्हणाल तर घामाबरोबर विष हाताला लावून घ्याल आणि त्याच हातानं भाकरी खाल. काजऱ्याचंही तेच. शिसव देखणं, महाग, मिरवायला छान, पण त्यानं कित्येकांच्या हाताला चट्टे उठतात. सागाच्या भुश्यानंही शिंका, खाज सुरू होते. चट्टे आले तर मलम लावत बसू नका, मूठ बदला.

फुकटचं लाकूड हा आपला खास धोका, कारण आपण तेच आणणार. कारखान्यांच्या दारात पडलेली पॅलेटं बघितलीत? परदेशी मालाबरोबर येतात. त्यांवर शिक्का असतो. ‘एचटी’ रोमन अक्षरांत असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोडा. शिक्काच नसेल तरी सोडा. रेल्वेचे जुने काळे स्लीपर क्रिओसोटनं मुरलेले असतात, कोरायला नाहीत, जाळायलाही नाहीत. हिरवट झाक असलेली फळी आर्सेनिकच्या द्रावणात बुडवलेली असू शकते. पाडलेल्या जुन्या घरांच्या खिडक्या-दारांचा साग उत्तम, पण वरच्या जुन्या रंगात शिसं असतं. तो कोरडा घासला तर भुकटी पोरांच्या पोटात जाते. ओला करून खरवडा, खरवड कागदात गोळा करून टाका.

आणि भुसा. इंग्लंडात हाय विकम गावच्या फर्निचर कामगारांत नाकाचा कॅन्सर विलक्षण जास्त दिसला, हे १९६०च्या दशकात डॉक्टरांनी दाखवून दिलं. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. आपल्या वसई-नालासोपाऱ्यातल्या गाळ्यांत सनमायका कापणारी, पॉलिश घासणारी पोरं तोंडाला रुमालसुद्धा बांधत नाहीत. मालक देत नाही आणि आपण मागत नाही. सुरीनं कोरताना ढलप्या पडतात, धूळ कमी. खरी धूळ पॉलिशपेपरची. तेव्हा मास्क हवा, नुसता कापडी नव्हे, आणि जमीन झाडण्याआधी पाणी शिंपडा. ज्यांच्या बापांना सफाईच्या कामावर कुणी मास्क दिला नाही त्यांनी तरी हे हसण्यावारी नेऊ नये.

मूठ बसवताना पात्याचं शेपूट निदान मुठीच्या अर्ध्याहून जास्त आत जाऊ द्या. भोक पाडा, लाख किंवा इपॉक्सी भरा, पातं रुतवा, आणि तोंडाशी पितळी कडं ठोका म्हणजे लाकूड चिरणार नाही. पाण्याच्या जुन्या पितळी नळाचा तुकडा त्याला पुरतो. मुठीची लांबी आपल्या तळहाताच्या रुंदीहून दोन बोटं जास्त. बोटांसाठी खाचा पाडू नका, दिसायला बऱ्या दिसतात पण हात एकाच जागी जखडतात आणि गाठी येतात. पोरींच्या आणि लहानांच्या हाताला मूठ बारीक करा; बाजारची प्रत्येक मूठ कुठल्यातरी आडदांड गड्याच्या हाताचं माप धरून केलेली असते. शेवटी जवसाचं तेल चोळा. ती तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापते आणि पेटते. हे खोटं वाटतं, पण अशा चिंध्यांनी कारखाने जळले आहेत. चिंधी पसरून दोरीवर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पहिलं काम शिवणीवर करा. हलकी, रेषा समजूतदार. काळा कुडा मिळाला तर भाग्य, हस्तिदंतासारखा पांढरा. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी खेळण्यांना पांगारा वापरला तो मऊ म्हणून. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडं बोहाड्याचे लाकडी मुखवटे करणारे आदिवासी कारागीर आहेत. त्यांच्याकडं शिकायला जा, शिकवायला नको. १८७८च्या जंगल कायद्यानं त्यांच्या पायाखालचं रान सरकारी झालं, ठाण्याच्या जंगलांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला, आणि १९४५ साली वारल्यांनी गोदावरी परुळेकरांबरोबर वेठीविरुद्ध उठाव केला. ज्याचं लाकूड त्याला परवाना, ही तऱ्हा त्यांनी आपल्याहून जास्त सोसली. त्यांच्या रानातून लाकूड आणायचं तर त्यांना विचारून, मोल देऊन आणा.

एक गोष्ट राहिली. आपल्या कारागिराच्या भाषेत अवजारालाही हत्यारच म्हणतात. पोलिसाच्या भाषेत हत्यार म्हणजे दुसरंच काहीतरी. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, आणि घरकाम, शेती, उद्योग यांसाठी केलेली पाती त्यातून वगळली आहेत. कोरायच्या सुरीला दीड-दोन इंचांचं पातं भरपूर होतं, त्याहून लांब कशाला? पण नाक्यावर अडवणारा शिपाई कलम वाचून अडवत नाही, वस्ती आणि आडनाव बघून अडवतो. म्हणून सुऱ्या खिशात नको. नमद्यात किंवा जाड कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, डब्यात पोखाड्याचा दगड असू द्या, आणि अर्धवट कोरलेलं लाकूड कायम सोबत ठेवा. विचारलं तर ते काढून दाखवा.